होळीच्या आदल्या दिवशीचं दुकान

चाचांच्या पत्रिका-बॅनरच्या दुकानात पाऊल टाकलं की होळी उद्या असायची. बाहेर पोळा होऊन गेलेला, गणपतीच्या वर्गणीला पोरं फिरतायत, आदिलाबादकडे निघालेले ट्रक धूळ उडवतायत. आणि आत भिंतीवरचं कॅलेंडर मार्चवर. कुणी सहज विचारलं, "चाचा, आज तारीख काय हो?" तर चाचा चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, "होळीचा आदला दिवस." खरी तारीख हवी असेल तर ते काउंटरमागून उठत, चपला घालत, बाहेरच्या पायरीवर येऊन उभे राहत, आणि मग सांगत. सांगून झाली की परत आत.

ही थट्टा नव्हती. सगळं पांढरकवडा त्यांची थट्टा करी, ते मात्र कधीच करत नसत. सायकलवरून जाणारा पोस्टमनसुद्धा ओरडून जाई, "चाचा, उद्या होळी पेटवाले येऊ का?" चाचा आतूनच हात हलवत, "येजो, येजो." माझी आई त्यांना वेडा म्हणे. तहसील कचेरीत आयुष्य गेलेले माझे बाबा लबाड म्हणत आणि त्या दुकानाची पायरी चढत नसत. मी कॉलेज सुटल्यावर रोज तिथे कम्प्युटरवर चित्रं काढायला शिकायला जात असे, आणि हा माणूस वेडा की लबाड की तिसरंच काही, हे मला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

चाचा मूळचे पेंटर. ट्रकांच्या पाठी, किराणा दुकानांच्या पाट्या, जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीवरचं लांबलचक नाव, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचा 'क' लांबूनही ओळखू येई, कारण त्याच्या पोटाला ते एक वेगळाच बाक देत. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता थांबायचं नाही. दोन वर्षं चाचांनी ब्रश हातात धरला नाही. तेवढ्यात गावात कम्प्युटर आले, आणि कुणाच्या तरी दुकानात चाचांनी माउस हातात घेऊन पाहिला. हात तिथेही हललाच. पण रेघ वाकडी आली तरी बिघडत नव्हतं; नंतर तिचा एकेक बिंदू पकडून, पाहिजे तितका वेळ घेऊन, ती जागेवर आणता येत होती. हे समजलं त्या दिवसाबद्दल चाचा बोलायला लागले की थांबत नसत. "बेटा, माझा हात मले परत भेटला," एवढं म्हणून मात्र गप्प होत.

आता अडचण अशी, की मशीन घेता येत होतं, पण त्यात चित्र काढायचा जो प्रोग्राम लागतो त्याची किंमत ऐकून माणूस खुर्चीवरून पडावा. तेवढ्या पैशांत तेव्हा चांगली चालती मोटरसायकल दारात उभी राहिली असती. म्हणून गावात कुणीच तो विकत घेत नसे. नागपूरच्या बाजारात फुटपाथवर सीडी मिळायची, तिच्यावर मार्करने प्रोग्रामचं नाव खरडलेलं. ती एकाने आणायची, साऱ्या गावाने वापरायची. लग्नपत्रिकावाले, बॅनरवाले, फोटो स्टुडिओवाले, एकजात सगळे त्यातच. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातही तसंच होतं.

एकट्या चाचांनी ती सीडी घेतली नाही. त्याला त्यांचं कारण होतं. फार पूर्वी उमरखेडच्या एका पेंटरने त्यांचा 'क' बाकासकट उचलला होता. कुणीतरी येऊन सांगितलं. चाचा एसटीने उमरखेडला गेले, त्या पाटीसमोरच्या हॉटेलात दिवसभर बसले, संध्याकाळी त्या पेंटरबरोबर चहा घेतला आणि परत आले. भांडण नाही, काही नाही. मी विचारलं, काय म्हणालात त्याला? "काई नाई. म्हटलं, इचारलं असतं तर मी सोता शिकवून देलं असतं. इचारायले काय जाते?" चाचांचा सगळा धर्म या एका प्रश्नात मावत होता. मालकाला विचारून घेतलं तर घेणं, न विचारता घेतलं तर चोरी. बाकी सगळी कलमं त्यांना फिजूल वाटत.

आणि मालकाने त्यांना परवानगी दिली होती. एका कम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती, त्यात तोच प्रोग्राम महिनाभर वापरून बघायला दिलेला होता. चाचांनी तो मशीनमध्ये घातला तो होळीचा आदला दिवस होता. महिना संपत आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मशीनला दिवस कळतात ते मशीनमधल्या घड्याळावरून. त्यांनी तारीख मागे नेली. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, तुमचा पूर्ण महिना बाकी आहे.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं, झाडून झालं, लोबान फिरवून झाला, की चाचा मशीन चालू करून तारीख होळीच्या आदल्या दिवसावर आणत. मग प्रोग्राम उघडत. महिना बाकी असल्याची खिडकी समोर आली की छातीवर हात ठेवून म्हणत, "शुक्रिया." त्यांचं तोंड पडद्याकडे असे, पण बोलणं त्याच्याही पलीकडे बसलेल्या कुणाशी तरी चाललेलं असे. हे ज्यांनी बनवलं ते कोण असतील, त्यांच्यात कुणी पेंटर असेल का, असेल तर त्याचा हात कसा असेल, हे प्रश्न त्यांना कायम पडत. मला विचारत.

"चाचा, ही पण चोरीच झाली ना," मी एकदा फटकळपणे म्हणाले.

"कशी काय?"

"महिन्यासाठी दिलं होतं. चार वर्षं होत आली."

"चार वर्षं बाहेर झाली. मालकाचं बोलणं मशीनसंग झालं, अन् मशीन आत हाय. आत महिना झाला नाई अजून."

"म्हणजे तुम्ही मशीनला फसवता."

त्यावर मात्र ते दुखावले. म्हणाले, "मी एकट्या मशीनले सांगत असतो तर फसवलं असतं. मी तर सगळ्याइलेच तेच सांगून राह्यलो."

आणि खरंच, ते सगळ्यांना तेच सांगत. मशीनला जी तारीख सांगितली तीच दुकानात पाळायची, नाहीतर ते खोटं होतं, असा त्यांचा हिशेब. म्हणून कॅलेंडर हलत नव्हतं. पेपर पायरीवर बसून वाचायचा. रेडिओच्या बातम्या पायरीवर. पत्रिका छापायला आलेल्या वधूपित्याला चाचा आधी बाहेर नेत आणि लग्नाची तारीख तिथे ऐकून घेत, कारण आत ते लग्न अजून ठरलेलंच नव्हतं. नवखी माणसं चक्रावून जात. जुनी गिऱ्हाइकं आपण होऊन पायरीवर थांबत.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडअळी, नाना तऱ्हेचं बियाणं, आणि पेपर उघडावा तर जिल्ह्याचं नाव नको त्या कारणाने पहिल्या पानावर. चाचांच्या दुकानात मात्र त्या होळीच्या वेळचा भाव चालू होता, आणि तो बरा होता. काही माणसं काहीही काम नसताना आत येऊन बाकावर बसत. मी विचारलं, हे कशाला येतात? चाचा म्हणाले, "बसू दे. बाहेर बसाले जागा कुठी हाय?"

श्रद्धांजलीचे फलक त्या वर्षांत फार यायचे. मयताचा फोटो घेऊन कुणी भाऊ, कुणी मेहुणा यायचा. चाचा त्याला पायरीवर बसवून सगळं शांतपणे ऐकत, पाणी देत, मग फोटो घेऊन एकटेच आत येत. आत आल्यावर त्या माणसाबद्दल ते 'होता' असं म्हणत नसत. "याचं कपाळ मोठं हाय, वरती जागा सोडजो," असं मला सांगत. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. नंतर मला ते आवडायला लागलं, आणि आवडतं याची थोडी भीतीही वाटायला लागली.

माझ्या शेवटच्या वर्षी नागपूरच्या एका कला महाविद्यालयाने विदर्भातल्या मुलांसाठी पोस्टरची स्पर्धा ठेवली. विषय कापूस. निवड झालेल्यांना फी माफ आणि वसतिगृह. बाबांनी जेवताना पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि सांगितलं, "जागा भेटली तर जा. नाही भेटली तर मृग लागायच्या आत दारव्ह्याच्या स्थळाले होकार कळवतो. मग पुन्हा रडायचं नाही." बाबा दुष्ट नव्हते. त्यांच्या खिशात जेवढं बसत होतं तेवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला दारव्ह्याचा मुलगा वाईट वाटत होता असंही नाही, पण मला चित्रं काढायची होती, आणि त्याशिवाय दुसरं काही करायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

मी आधी फुटलेलं बोंड काढायला घेतलं. चाचांनी बघितलं आणि म्हणाले, "बोंड सगळेच काढतीन. तू हात काढ." मग मी वेचणीला जाणाऱ्या बायकांचे हात जाऊन पाहिले. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे पडतात, ते बारीक बारीक. पोस्टरवर मी फक्त एक हात आणि त्या बोटांत ओढून निघालेला कापूस काढला. त्याला तीन आठवडे गेले. चाचांनी एकदाही माउसला हात लावला नाही. मागे खुर्ची टाकून बसत आणि चुकलं की नुसतं खाकरत.

पोस्टर पहिल्या फेरीत निवडलं गेलं. पुढच्या फेरीला मूळ फाइल सीडीवर घेऊन नागपूरला बोलावलं. बाबा बरोबर आले. चाचाही निघाले, कारण बक्षिसं तोच प्रोग्राम विकणाऱ्यांनी दिली होती आणि त्यांचा माणूस तिथे येणार होता. चाचांनी पांढरा कुर्ता घातला, अत्तर लावलं, आणि स्वतःच्या चार वर्षांच्या कामाची एक सीडी त्या माणसाला दाखवायला म्हणून बरोबर घेतली. "त्याइचं सामान माझ्याकडं कसं वागलं, पाहून खूश होतीन," म्हणाले. बाबांनी कपाळाला हात लावला.

मे महिना. कूलरच्या घरघरीत मोठा हॉल, आम्ही पंधरा-वीस मुलं आणि आमची माणसं. टेबलामागे दोन प्राध्यापक, एक मॅडम, आणि शेजारी प्रोग्रामची चकचकीत खोकी रचून तो विकणारा माणूस. माझी फाइल उघडली. मॅडमना चित्र आवडलं हे मला दिसलं. मग एका प्राध्यापकांनी फाइलची माहिती उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. फाइल चार वर्षांपूर्वीची होती. होळीच्या आदल्या दिवसाची.

"तेव्हा तू कितवीत होतीस?" त्यांनी विचारलं.

"अकरावीत."

"आणि अकरावीत असताना तू हे चित्र काढलंस? की हे कुणाचं तरी जुनं काम आहे?"

खरं सांगावं तर चाचांचं काय होईल ते खोक्यांमागे बसलेलं मला दिसत होतं. तोवर चाचा मागच्या रांगेतून पुढे आले होते. "साहेब, मशीन माझी हाय," म्हणाले, आणि आपली सीडी पुढे केली. ती लावली. पत्रिका, बॅनर, श्रद्धांजल्या, शेकड्यांनी फाइली, आणि सगळ्या त्याच एका दिवसाच्या. मॅडमनी एक पत्रिका उघडली. लग्न याच महिन्यातलं होतं. त्या हसल्या, आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "सरळ आहे. मशीनमधली बॅटरी गेली असणार. बॅटरी गेली की तारीख मागे जाते. असंच झालं ना, चाचा?"

असं खरोखर होत असे, आणि सगळ्यांना माहीत होतं. चाचांनाही. त्यांनी फक्त मान हलवायची होती. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"नाई मॅडम," चाचा म्हणाले. "बॅटरी चांगली हाय. तारीख मी रोज फिरवतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मासिकाची सीडी, महिना, कॅलेंडर, पायरी. काही मुलं हसू दाबत होती. खोकीवाला माणूस हसत नव्हता. तो म्हणाला, "अहो, याला चोरी म्हणतात. चोरीच्या प्रोग्रामवर केलेलं काम तुम्ही स्पर्धेत घेणार का, मॅडम?"

इतके दिवस मी चाचांना हा शब्द ऐकवत आले होते आणि त्यांनी तो कधी मानला नव्हता. त्या दिवशी ते म्हणाले, "चोरी म्हणा. पण माझी म्हणा. पोरगी माझ्याकडं शिकाले येत होती. मी जे समोर ठेवलं त्याच्यावर तिनं काढलं. हात तिनं काढला, तारीख मी टाकली."

मग मॅडमनी हॉलवर नजर फिरवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "विकत घेतलेल्या प्रोग्रामवर ज्यांनी चित्र केलंय त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. सगळी मुलं खाली बघत होती, त्यांचे बापही. दोन्ही प्राध्यापकांनीसुद्धा समोरचे कागद सारखे करायला घेतले. खोकीवाला पाणी प्याला. मॅडम म्हणाल्या, "मग चित्रच बघू या," आणि पुढचं नाव पुकारलं.

मला जागा मिळाली. संध्याकाळी यादी लागली तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. खोकीवाल्याने चाचांना बाजूला घेऊन बजावलं, उद्याच्या उद्या तो प्रोग्राम मशीनमधून काढायचा, नाहीतर नोटीस येईल. चाचा "काढतो" म्हणाले, आणि मग त्याला विचारलं, हे बनवणाऱ्यांत कुणी पेंटर आहे का. तो म्हणाला, "मला काय माहीत? मी फक्त विकतो." चाचांचा चेहरा तेवढ्यापुरता उतरला. चोर म्हटल्यावर इतका उतरला नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकते. चाचांनी दुसऱ्या दिवशी प्रोग्राम काढला. ऐन लग्नसराईतल्या पत्रिका शेजारच्या दुकानात पाठवल्या. तो शेजारी म्हणाला, माझी सीडी घ्या, कोण बघतंय? चाचांनी घेतली नाही. नंतर काही वर्षं ते दुसऱ्यांच्या दुकानात ऑपरेटरच्या मागे खुर्ची टाकून बसत आणि अक्षर कसं हवं ते तोंडाने सांगत. पुढे चित्र काढायचे चांगले प्रोग्राम खरोखरच फुकट मिळायला लागले, तेव्हा सुट्टीत येऊन मी त्यांच्या मशीनमध्ये एक घालून दिला. चाचा किती तरी वेळ संशयाने बघत राहिले.

"फुकट? कायम? कायले?"

"बनवणाऱ्यांनीच ठरवलं तसं. जगभरातले लोक मिळून बनवतात."

"मंग मालक कोण?"

"मालक नाही."

"मालक नाई तर शुक्रिया कोणाले म्हणू?" त्यांनी अगदी काळजीने विचारलं. शेवटपर्यंत ते तो प्रोग्राम वापरत होते, पण ही एक गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. मी आले की दर वेळी विचारत, पत्ता लागला का?

पण चाचा म्हटलं की मला आठवते ती नागपूरहून परतीची एसटी. बाबा आणि चाचा एका बाकावर, मी मागे. सगळे थकलेले. हिंगणघाट गेलं. मग बाबांच्याने राहवेना.

"चाचा, त्या बाईनं तर तुमच्या हातात आणून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पोरीचं काम तसंही झालं असतं, तुमचाही प्रोग्राम वाचला असता. काहून नाही म्हटलं?"

चाचा खिडकीकडून त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "बाबूजी, मी मशीनले एक गोष्ट सांगत आलो. मले वाटे, ते माझ्या दुकानात राह्यते, कोणाचं काई जात नाई. ते पोरीच्या कामावर जाऊन छापलं, अन् मले चार वर्षं पत्ता नाई. आता अजून एक सांगतलं असतं, तर ते कुठी जाऊन छापलं असतं, कोणाले माहीत?"

करंजी मागे पडली, गाडीत दिवे लागले. पांढरकवडा जवळ आलं तसे लोक सामान काढायला उठले. बाबाही उठले, वरची पिशवी काढली, आणि उभ्या उभ्याच चाचांना म्हणाले, "उद्या ते काढाल तेव्हा मी येतो दुकानात. एकट्यानं नका काढू."